महानंदा ओरडली

सकाळी पावणेनऊ वाजता महानंदा माझ्यावर ओरडली. ओरडली म्हणजे नुसता आवाज चढवला असं नव्हे. नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या, समोरच्या घरात कुणीतरी टीव्ही बारीक केला. आमच्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, आणि माझ्या बायकोला असा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. कारण म्हटलं तर किरकोळ. अक्कलकोटहून तिच्या भावाचा फोन आला, परवा नातवाचं बारसं आहे, दोघं या म्हणून. फोन माझ्या हातात होता. मी म्हणालो, जमायचं नाही, कारखान्यात चार माग दुरुस्तीला उघडून ठेवलेत. फोन ठेवला, पेपरची घडी उलगडली, तर उखळात शेंगा कुटत बसलेली महानंदा मुसळ हातात धरूनच उठली. "मला इचारायचं न्हाय का? माजा भाव, माज्या माहेरचं बारसं, आन् मी हितं समोर बसलेली हाय की! मी काय मेले हाय व्हय?" शेवटचे शब्द फाटून कुठल्या कुठे वर गेले. मी उठलो, चप्पल घातली आणि बाहेर पडलो. एक शब्द बोललो नाही. ही गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती सोपी नव्हती, आणि जे सोपं नव्हतं ते केल्याचं श्रेय घ्यायला मला लाज वाटत नाही.

अक्कलकोट रोडला लागेपर्यंत माझे कान गरम होते. राग कसा येतो हे मला आता चांगलं कळतं. आधी बेंबीच्या वर काहीतरी आवळतं, मग मान ताठ होते, मग जीभ टाळूला जाऊन चिकटते, आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदात तो तोंडातून बाहेर पडलेला असतो. पूर्वी यातलं काहीच माहीत नव्हतं. ओरडून झाल्यावरच कळायचं की आपण ओरडलो, आणि तेही समोरच्याच्या तोंडाकडे बघून. आज पोटापासून टाळूपर्यंतचा सगळा रस्ता मी डोळे उघडे ठेवून बघितला आणि टाळूपाशी त्याला थांबवलं. पण थांबवलं म्हणजे गेला असं नाही. डाव्या बाजूला बंद शटरं, उजव्या बाजूला कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, आणि मी आपला मनातल्या मनात महानंदाला उत्तर देत चाललोय, तेही असं की ऐकून गल्ली गोळा झाली असती. दोन वर्षं चार महिने मी घरात आवाज आवरून धरला, त्याचं हे फळ? मी गप्प झालो म्हणून हिनं चढून बसायचं? घरी परत जाऊन एकदा, फक्त एकदा, जुन्या आवाजात हाक मारली असती तर सगळं जागच्या जागी बसलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. आणि जे कमावलं ते त्या एका हाकेत गेलं असतं हेही माहीत होतं. म्हणून ठरवलं, काय करायचं ते नक्की झाल्याशिवाय घराकडे वळायचं नाही.

आवाज हा आमच्या घराण्याचा दागिना होता. माझे वडील सिद्धप्पा मंद्रूपच्या बाजारात कांदा विकायला बसले की वेशीपलीकडच्या माणसाला भाव कळायचा. त्यांचं घरातलं बोलणंही तसंच. आई आयुष्यभर हातातलं काम टाकून धावत यायची, आणि आम्ही पोरं म्हणायचो, आपले वडील म्हणजे वाघ. मी सोलापूरला आलो तो टॉवेलच्या यंत्रमागावर, पुढे जॉबर झालो. माग बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. ज्यानं चाळीस माग एका छपराखाली चालताना ऐकले नाहीत त्याला तिथल्या गोंगाटाची कल्पना यायची नाही. तिथं कानाला तोंड लावून बोंबलावं लागतं, नाहीतर हातांनी बोलायचं. पंचवीस वर्षं त्या खडखडाटात उभा राहिलो, आणि सुट्टी झाल्यावर तो खडखडाट डोक्यात घेऊनच घरी जायचो. त्यात बापाकडून आलेला तापट स्वभाव. निदान मी तसं समजत होतो, आणि चारचौघांत सांगतही होतो, रक्तातच आहे म्हणून. लोक हसून मान डोलवायचे. महानंदा आत चहा गाळत असायची.

मग ऋतुजाचा प्रोजेक्ट आला. माझी मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करत होती. आता पुण्याला नोकरीला असते. घरातल्या एका माणसाची एक सवय आठ आठवड्यांत बदलून दाखवायची आणि त्याची रीतसर नोंद ठेवायची, असं तिला कॉलेजात सांगितलं होतं. मी ऐटीत म्हणालो, "माझी घे. पण मला तर कसली सवयच नाही, तंबाखूसुद्धा नाही." ती जरा थांबून म्हणाली, "अप्पा, आवाज." मला ते लागलं. दिवसभर मी तिच्याशी बोललो नाही. पण पोरीच्या मार्कांचा प्रश्न होता, म्हणून हो म्हटलं. तिनं आधी एक विचित्र गोष्ट सांगितली: पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, ओरडायचं तेवढं ओरडा, मी फक्त मोजणार. मी म्हणालो, मोज, दिवसाला एखाद्या वेळी होत असेल. आठवड्यानंतर तिनं वही पुढं ठेवली. एक्केचाळीस. मी भांडलो. हे ओरडणं नव्हे, ही हाक होती, हा नुसता खोकला होता, करत करत त्यातले सहा खोडून घेतले. तरी पस्तीस उरले. बरं, प्रत्येकाच्या पुढं तिनं लिहिलं होतं की त्याच्या आधी काय झालं. मी कुठं बसलो होतो, किती वाजले होते, पोटात काही होतं का. ते वाचताना मी भांडायचा थांबलो, कारण ही भाषा मला येत होती. मागावर धागा सारखा तुटायला लागला की नवा जॉबर तुटल्या जागी बघतो. जुना जॉबर त्याच्या आधी बघतो. धागा वाईट म्हणून तुटत नसतो. मागं कुठंतरी काहीतरी घासत असतं. एवढं मी इतकी वर्षं पोरांना शिकवत आलो आणि स्वतःच्या घशाला कधी लावून बघितलं नाही.

पस्तीसपैकी सतरा ओरडणी माझ्या खुर्चीतून झाली होती. माझी खुर्ची पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या दाराशी. स्वयंपाकघर मागं. मधे आठ फूट, एक पडदा आणि टीव्ही. चहा हवा, चष्मा हवा, कोण आलंय ते सांगायचं, सगळं तिथूनच फेकायचं. तिकडून उत्तर आलं नाही की दुसऱ्यांदा वरच्या पट्टीत, तिसऱ्यांदा शिवीसकट. ऋतुजानं मला उपदेश केला नाही, शपथ घातली नाही. तिनं खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. बस्स. पुढच्या आठवड्यात सतराची तीन झाली. मी दोन दिवस त्या खुर्चीकडे बघत होतो. वडिलांकडून आलेला वाघाचा स्वभाव म्हणून जो मी मिरवत होतो, त्यातला निम्मा आठ फुटांचा होता! अपमानच म्हणायचा, पण काय सांगू, हलकंही वाटलं. जे रक्तात असतं त्याला कोण काय करणार? खुर्ची मात्र सरकवता येते.

उरलेले अर्धे अवघड होते. घरात शिरल्या शिरल्या पहिली दहा मिनिटं सगळ्यांत वाईट, असं वहीत दिसत होतं, म्हणून एक वाक्य ठरवलं: चप्पल काढली की आधी पाय धुवायचे, तांब्याभर पाणी प्यायचं, मगच तोंड उघडायचं. एवढंच वाक्य, पण ते ऋतुजानं माझ्याकडून रोज म्हणवून घेतलं. पहिल्या आठवड्यात तांब्या हातात घेऊनच ओरडलो, दोनदा. मग तिनं मोबाइलमधलं आवाज मोजायचं काहीतरी काढलं. मी अगदी शांत, गोड म्हणून बोललो तर काटा कुठं गेला? दुसरी माणसं भांडतात तिथं. माझे कान मागांनी खाल्ले होते. मला जे हळू वाटत होतं ते हळू नव्हतंच. तेव्हा मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन, काट्याकडे बघत, पेपर मोठ्यानं वाचायचा म्हणजे बारीक आवाजात वाचायचा, असा अभ्यास केला. बावन्न वर्षांचा माणूस, खाली गल्लीतली पोरं हसतायत, आणि मी कांद्याचे भाव कुजबुजतोय.

आणि मधे एक फजिती झाली, ती आमच्यासारख्या मागवाल्याच्याच घरी होऊ शकते. तिसऱ्या आठवड्यात मी फारच मनावर घेतलं. आवाज चढायची भीती वाटायला लागली की मी हातांनी बोलायला लागलो, कारखान्यात बोलतो तसा. दोन बोटं ओठांकडे म्हणजे चहा, तळहात आडवा म्हणजे पुरे, अंगठ्यानं मागं दाखवलं म्हणजे तिकडं बघ. ओठ हलवायचे, आवाज नाही. मला वाटलं, काय शहाणा मी! चार दिवस वहीत एकही खूण नाही. पाचव्या दिवशी ऋतुजा गच्चीवर आली, "अप्पा, आई चार दिवस रडतेय. तुम्ही अबोला धरलाय असं वाटतंय तिला. माहेरी जाऊ का म्हणून विचारत होती." मी खाली आलो तर महानंदा तांदूळ निवडत होती आणि तिनं मान वर केली नाही. मी म्हणालो, अगं, मी रागावलो नव्हतो, मी सुधारत होतो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आलं, मग तिलाही आलं, पण बेताबेतानं, हसावं की नाही असं विचारून घेतल्यासारखं. तेव्हा त्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

आठ आठवडे झाले, ऋतुजाला मार्क मिळाले, वही कॉलेजात जमा झाली. सगळ्यांना वाटलं, संपलं. इथून पुढची गोष्ट माझी एकट्याची, आणि तिचाच मला खरा अभिमान. मोजणारं कुणी नव्हतं, शाबासकी देणारं कुणी नव्हतं, तरी मी पाय धुतले, पाणी प्यालो. मधे एकदा घसरलो. गॅसची टाकी संपल्यावरून असा ओरडलो की माझ्याच कानांना दडे बसले. त्या दिवशी मनानं लगेच म्हटलं, बघ, आहेस तोच आहेस, कशाला नाटकं करतोस. पण ऋतुजानं जाताना बजावून ठेवलं होतं: अप्पा, एकदा घसरलं तर ते घसरणं, लागोपाठ दुसऱ्यांदा घसरलात तर ती सवय. मी दुसऱ्यांदा घसरू दिलं नाही. सहा महिन्यांनी पाणी प्यायची आठवण करावी लागेना. वर्षानं तर मी विसरूनच गेलो की मी काही पाळतोय. लोक मठात जाऊन व्रतं घेतात. मी खुर्ची सरकवून आणि तांब्याभर पाण्यावर माझ्या बापाचा वाघ पिंजऱ्यात घातला. कुणाला फुशारकी वाटली तर वाटू दे.

असं सगळं मनात घोळवत मी कुठं पोचलो, तर आमच्याच कारखान्याच्या फाटकाशी. सुट्टीचा दिवस, माग बंद. ते छप्पर गप्प असलं की मला परक्या गावी आल्यासारखं होतं. आत बडेसाब उघडलेल्या मागांवर नवे बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रूळ, चढवून घेत होता. माझ्याबरोबरचा जुना माणूस, वीस वर्षं शेजारच्या मागांवर. त्यानं मला बघितलं आणि हातातलं काम थांबवलं. "कायकू आला रे गुरुशांत सुट्टीच्या दिवशी? तोंड असं का केलंय?" मी खरं ते सांगितलं. त्याच्याशी मी कधी खोटं बोललो नाही. तो ऐकत राहिला, मग खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला, "भाभी वरडली? भाभी?" आणि हसत सुटला. मी म्हणालो, हसू नको, गल्लीत इज्जत गेली. तर तो म्हणाला, "अरे, ते याद आहे का तुला, दोन वर्षांआधी तू मालकाकडं गेला होता, माग खराब झालेत म्हणून?"

आठवत होतं. माझं घरातलं ओरडणं कमी झालं तसं नकळत कारखान्यातलंही कमी झालं. गोंगाटापुरतं बोंबलायचो, पण रागानं नाही. आणि त्याच महिन्यांत तक्रारी वाढायला लागल्या. आधी दिवसाला तीन-चार कामगार येऊन सांगायचे, माग अडतोय, टॉवेल डॅमेज निघतोय. ते दहा-बारा यायला लागले. मी घाबरलो, मागच बिघडले असं धरून मालकाकडे गेलो. मालकानं महिन्याचा हिशेब काढला तर डॅमेज माल निम्म्यावर आलेला. मला कोडंच पडलं होतं, तेव्हा बडेसाबनंच ते सोडवलं होतं. आत्ता त्यानं तेच पुन्हा म्हटलं, त्याच शब्दांत बहुतेक. "बिघाड पहिलेपण होतेच रे. पण तुला सांगायला कोण येणार? तू खाऊन टाकायचा. पोरं डॅमेज टॉवेल गठ्ठ्यात खाली दाबायची. तू वरडायचा थांबला, तवा सांगायला लागली." एवढं बोलून तो बीमकडे वळला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता.

मी त्या बंद मागांच्या रांगेत उभा राहिलो.  एकोणतीस वर्षं महानंदानं गठ्ठ्यात काय काय खाली दाबलं असेल? आणि आज, दोन वर्षं चार महिन्यांनी, तिची खात्री पटली की हा माणूस खाऊन टाकणार नाही. मोबाइलमधल्या काट्यानं दाखवलं नसतं, वहीतल्या खुणांनी सांगितलं नसतं, असं आज ती मुसळ हातात धरून सांगून गेली होती. मी बदललो याची पावती मला घरातून मिळाली होती आणि मी ती रस्त्यात टाकून, कान गरम करून, तरातरा निघून आलो होतो! मला इतका अभिमान वाटला की लाजच वाटली.  आणि लगेच, ती आत्ता घरी काय करत असेल ते मला डोळ्यांपुढं दिसलं. ती घाबरली असेल. मी न बोलता निघून गेलो, म्हणजे जुन्या हिशेबानं वादळ यायचं बाकी आहे. मी परत जाईन तेव्हा ती माफी मागेल. मी मोठ्या मनानं ती घेईन, कारण मला मोठं मन दाखवायला आवडतं. आणि तो आवाज पुन्हा कायमचा गठ्ठ्याखाली जाईल. मी बडेसाबला येतो म्हणायचंही विसरलो.

घरी आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाय धुतले, पाणी प्यालो, आणि ते पीत असतानाच कळलं की आज हे मला राग नव्हे, माझा मोठेपणा आवरायला करावं लागतंय. महानंदा ओट्याशी पाठमोरी उभी होती. पोळ्या झाल्या होत्या, चटणी डब्यात भरून झाली होती. घरात नेहमीपेक्षा जास्त आवराआवर दिसत होती. ती वळली. डोळे सुजलेले. "जेवायला वाढू का?" आणि मग फरशीकडे बघत, "आज काय अंगात आलं कुणाला ठावं. दादाला मीच फोन करून सांगते, जमायचं न्हाय म्हणून. तुमी मनावर घेऊ नका."

"फोन करू नको," मी म्हणालो. माझा आवाज मला नीट ऐकू आला, म्हणजे तो बेताचा होता. "तुला जायचंय का बारशाला?"

 हा प्रश्न तिच्या ओळखीचा नव्हता. "तुमचं काम..."

"कामाचं मी बघतो. माझं मी विचारत नाही. आज मी तुला न विचारता नाही म्हणालो, ते चुकलं. आणि आजचंच नसणार. सकाळी तू जे बोलायला लागली होतीस ते पुरं झालं नव्हतं. मी उठून गेलो. आता बोल."

"काय बोलायचं त्यात. झालं की बोलून."

"नाही झालं, महानंदा. मी ऐकतोय. मगाशी होता त्याच आवाजात बोल."

ती चटकन हसल्यासारखी झाली आणि ते हसू मधेच मोडलं. हात पुसले. पदर खोचला. माझ्यावर डोळे ठेवून, अंदाज घेत, ती खिडकीकडे गेली आणि कडीला हात घातला. तेव्हा मला कळलं की माझ्या प्रत्येक ओरडण्याच्या आधी हीच बाई धावत जाऊन खिडक्या लावत आली होती, लोकांत माझी शोभा होऊ नये म्हणून, आणि तिचा हात अजूनही तेच करत होता.

"राहू दे उघडी," मी म्हणालो.

"बाया हायत नळावर. समदं ऐकू जाईल."

"जाऊ दे की."

तिनं कडी सोडली. पहिलं वाक्य घोगरं निघालं, दुसरं त्याहून मोठं. तिसऱ्या वाक्याला नळावरची भांडी वाजायची थांबली. ती आजच्या फोनपासून सुरू झालीच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून सुरू झाली. काय तो आवाज होता! सिद्धप्पाच्या तोडीचा, आणि माझ्या घरात इतकी वर्षं होता. मी खुर्ची बाजूला केली आणि खाली फरशीवर मांडी घालून बसलो, कारण एकोणतीस वर्षं म्हणजे बराच वेळ लागणार होता.